बुचाचा राजा

वालेरियन मास्तरांनी काम सांगितलं ते जेवणाच्या टेबलावर, आणि तेही गेलेल्या माणसाच्या नावानं प्याला उचलून. जुंबेरला पुढे राहून राहून संताप आला तो याचाच. हेच त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं. निदान विचार करून सांगतो, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण गेलेल्यांच्या नावाचा प्याला कोणी न पिता खाली ठेवत नाही. वैऱ्याच्या घरी बसला असला तरी ठेवत नाही. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या घरी टेबलाच्या टोकाला बसून प्याले सुरू करायचा मान गेली तीस वर्षं त्यांचाच होता.

त्बिलिसीत बायकांची बुद्धिबळाची राज्य अजिंक्यपद स्पर्धा चालू होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती. जुंबेर आपल्या मुलीबरोबर, दारेजानबरोबर, कुताइसीहून आला होता. खरं म्हणजे मुलीबरोबर यायचं काम त्याच्या बायकोचं. लामाराचं. पण लामारा वसंतात गेली, म्हणून बाटल्या भरण्याच्या कारखान्यातून रजा काढून तोच आला. काळा शर्ट घालून रोज तिसऱ्या रांगेत बसत होता. बुद्धिबळातलं त्याला फारसं कळत नव्हतं. मुलगी कपाळाला हात लावून बसली की काळजी करायची आणि पाठीला टेकून बसली की सुस्कारा सोडायचा, एवढंच त्याला येत होतं.

"लामारासाठी," मास्तर उभे राहून म्हणाले. बाकीचे सहा-सात पुरुषही उठले. "माझी सगळ्यात गुणी शिष्या. भावांनो, मी ठरवलंय. या स्पर्धेत दर वर्षी सगळ्यात सुंदर डावाला एक चषक द्यायचा, आणि त्याच्यावर नाव असेल लामारा क्विरक्वेलियाचं." जुंबेरचे डोळे भरून आले. मास्तर त्याच्याकडे बघत पुढे म्हणाले, "आणि तिच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून उद्या आपल्या दोघी पोरी, तुझी दारेजान आणि माझी आताची शिष्या इर्मा, बहिणींसारख्या पटावरून उठतील. कोणी जिंकणार नाही, कोणी हरणार नाही."

जुंबेरनं प्याला तळापर्यंत रिकामा केला. दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला तेव्हा प्याला रिकामाच होता.

निघताना मास्तर दारापर्यंत आले. त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हे बघ जुंबेर, इर्माला अर्धा गुण पुरे आहे. तेवढ्यावर ती मॉस्कोच्या फेरीला जाते. तुझ्या पोरीला तिसरं-चौथं येऊन काय फरक पडतो?"

"फरक नाही पडत," जुंबेर म्हणाला.

"आणि मिळमिळीत खेळायचं नाही बरं का. लोक तिकीट काढून येतात. माझी पद्धत खेळायला सांग. घोड्यापुढचं प्यादं दोन घरं, मग हत्तीचा बळी, मग वजिराचे शह. राजा कोपऱ्यात जातो, परत येतो, कोपऱ्यात जातो, परत येतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी. लोकांना वाटेल काय रक्तपात झाला. कोणाला काही कळायचं नाही."

"इर्माला माहीत आहे?"

"इर्माला मी सांगतो ते माहीत असतं."

जुंबेर चालत निघाला, बापलेक उतरले होते त्या मावसबहिणीच्या घरी. चालता चालता त्याच्या मनात दोनच शब्द घोळत होते. माझी पद्धत.

ती पद्धत मास्तरांची नव्हती. ती जुंबेरच्या स्वयंपाकघरात जन्मली होती, आणि जन्माच्या वेळी तो तिथे हजर होता.

लामारा लग्न होऊन आली तेव्हा आंदणात रीतीप्रमाणे बुद्धिबळाचा पटही आला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, तिच्या आजीचा. त्यातला पांढरा राजा कधीच हरवला होता, म्हणून जुंबेरनं कारखान्यातून एक बूच आणलं आणि चाकूनं तासून त्याचा राजा केला. एका हिवाळ्यात तो पट स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला तो वसंत येईपर्यंत उचललाच नाही. घेवडा त्याच्या शेजारीच निवडला जायचा. दारेजान तेव्हा पाळण्यात होती. लामारा कणीक मळता मळता थांबायची, पिठाच्या बोटांनी एक प्यादं पुढे करायची आणि म्हणायची, "जुंबेर, इकडे ये, काळ्याच्या बाजूला बस."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला नकोय. मी सांगते ते हलव. समोर कोणी बसलं की माझं डोकं चालतं."

तो बसायचा. राजा किल्ल्यात नेऊन सुरक्षित ठेवायच्या वेळी ती घोड्यापुढचं प्यादं सरळ दोन घरं पुढे लोटायची. पुस्तकात असं करू नये म्हणतात, असं तिनंच सांगितलं होतं. फुकट जाणारं प्यादं. पण ते गेलं की हत्तीला रस्ता मोकळा व्हायचा. सबंध हिवाळा तिनं त्या एका प्याद्यात घालवला. मग त्बिलिसीला जाऊन मास्तरांना दाखवलं. मास्तर हसले आणि चार लोकांत म्हणाले, "ही स्वयंपाकघरातली खेळी आहे, पोरी. कढईत टाक."

दोन वर्षांनी मासिकात एक लेख आला. पटाचं चित्र होतं, तेच प्यादं होतं, आणि वर लिहिलं होतं, वालेरियन ख्विचिया यांची पद्धत. लामारा बुद्धिबळ संघाच्या बैठकीत उभी राहून म्हणाली की ही खेळी मी दाखवली होती. एकदाच म्हणाली. त्यानंतर बाहेरगावच्या स्पर्धांसाठी तिचं नाव निघालं नाही. मूल लहान आहे, तिला घरी राहू द्या, असं तिच्या वतीनं मास्तरांनीच सांगून टाकलं. मूल लहान होतं तेव्हाही तेच कारण आणि मूल शाळेत जाऊ लागलं तेव्हाही तेच. जुंबेर जाऊन त्यांची कॉलर धरायला निघाला होता. लामारानं त्याचा कोट लपवून ठेवला.

आणि आता तीच पद्धत नाटकाला वापरायची. तिच्याच मुलीच्या हातून. वर तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी. जुंबेर रस्त्यातच थांबला आणि एका झाडाला उद्देशून बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण प्याला प्यायला होता. आणि चषकावर नाव येणार होतं, तेही खरं. घरी भिंतीवरच्या फोटोखेरीज लामाराचं नाव आता कुठेच नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी त्यानं दारेजानला सगळं सांगितलं. ती काळा पोशाख घालून, केस बांधून बसली होती. तिनं पाव खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही शब्द दिलात?"

"प्याला प्यायलो."

"म्हणजे दिलात."

"आईचं नाव राहील, दारो."

"कशावर?"

"चषकावर."

"आणि खेळीवर कोणाचं राहील?"

जुंबेर चहात साखर ढवळत राहिला. ती आधीच विरघळली होती.

"बरं," दारेजान म्हणाली. "मला सांगितलंत, तुमचं काम झालं. आता हॉलमध्ये नेहमीच्या जागी बसा आणि माझ्याकडे बघू नका. तुम्ही बघितलं की मला कळतं."

हॉल भरला होता. शेवटच्या फेरीला भरतोच. बाया विणकाम घेऊन आल्या होत्या, म्हातारे खिशातले छोटे पट मांडीवर घेऊन बसले होते. रंगमंचावर टेबलं, आणि मागच्या भिंतीवर प्रत्येक डावाचा मोठा पट. एक गृहस्थ लांब काठीनं त्यावरच्या सोंगट्या सरकवत होते.

जुंबेरच्या शेजारी रोजच्यासारखी त्सिसना येऊन बसली. झुग्दिदीची. तिची मुलगी पिक्रिया दुसऱ्या टेबलावर खेळत होती. दहा दिवस शेजारी बसून दोघांची चांगली ओळख झाली होती.

"जुंबेरभाऊ, आज तुमच्या पोरीच्या हातात माझ्या पोरीचं नशीब," तिनं बसता बसताच सांगितलं. "इर्मा हरली आणि माझी जिंकली तर मॉस्कोला माझी जाते. सकाळी देवळात दोन मेणबत्त्या लावल्या. एक पिक्रियासाठी आणि एक दारेजानसाठी."

"कशाला उगाच," जुंबेर पुटपुटला.

"उगाच कसं? परवा त्या बाया म्हणत होत्या, आईला जाऊन वर्ष झालं नाही आणि ही पटावर बसते. मी म्हटलं, गप्प बसा. आईनं दिलेला खेळ आहे, तो खेळते. तुमच्या पोरी दुखवट्यात सिनेमाला जातात त्या दिसत नाहीत का? हे घ्या." तिनं पिशवीतून द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांची कांडी काढली, अर्धी मोडून त्याच्या हातात दिली. "घरची आहे. यंदाच्या द्राक्षांची."

जुंबेरनं एक तुकडा तोंडात टाकला. उरलेली कांडी त्यानं हातातच धरून ठेवली.

डाव सुरू झाला. दारेजानकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. सातव्या खेळीला तिनं घोड्यापुढचं प्यादं दोन घरं लोटलं आणि भिंतीवरच्या पटाकडे बघून हॉलमध्ये कुजबुज उठली. पुढच्या रांगेत मास्तर एका वार्ताहराशेजारी बसले होते. ते मान वळवून त्याला सांगू लागले, आणि हळू बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"ओळखलंत? माझी पद्धत. एक सबंध हिवाळा मी याच्यावर बसलो होतो. लोक हसायचे मला. म्हणायचे, असं प्यादं कोणी फुकट देतं का?"

"मग काय म्हणालात तुम्ही?" वार्ताहरानं विचारलं.

"म्हटलं, धीर धरा."

जुंबेरच्या हातातली कांडी मोडली. लोक हसायचे म्हणे. हसला होता एकच माणूस, आणि तो हाच. चोरी केली ते केलीच, पण सोसलेलं हसणंही या माणसानं स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं. लामाराला काही म्हणून ठेवलं नव्हतं.

पिक्रियाचा डाव लवकर आटोपला. ती जिंकली. त्सिसनानं छातीवर क्रॉसची खूण केली, विणकाम पिशवीत कोंबलं आणि आता दोन्ही डोळे दारेजानच्या पटावर लावले. तिथे हत्तीचा बळी जाऊन चुकला होता. टाळ्या वाजवायला बंदी असते, तरी एका म्हाताऱ्यानं वाजवल्या. मग वजिराचा शह आला. काळा राजा कोपऱ्यात गेला. दुसरा शह आला. राजा परत आला.

"आता धरलं त्याला," त्सिसना म्हणाली. "बघा बघा, घामाघूम झाली इर्मा."

इर्मा घामाघूम झाली नव्हती. ती पटाकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होती आणि राजा हलवायला तिला क्षणही लागत नव्हता. ही पोर लाजते आहे, असं जुंबेरला वाटलं. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

पुन्हा शह. राजा कोपऱ्यात. पुन्हा शह. राजा परत. स्थिती दुसऱ्यांदा आली होती. आणखी एक फेरा झाला की संपलं.

"ताई," जुंबेर म्हणाला, "हा डाव बरोबरीत सुटणार आहे."

"कशानं? हल्ला चढलाय की."

"ठरलेलं आहे. काल मास्तरांच्या घरी ठरलं. लामाराच्या नावाचा प्याला होता आणि त्यातच त्यांनी हे घातलं. मी प्यायलो."

 त्सिसनानं त्याच्या हातातली उरलेली कांडी काढून घेतली आणि पिशवीत ठेवली.

"माझी पोर पहाटे चारला उठते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बसमध्ये दिव्याखाली पुस्तक वाचते, ड्रायव्हर तिच्यासाठी दिवा चालू ठेवतो. आणि तुम्ही प्यायलात."

"त्यात माझ्या बायकोचं नाव होतं."

"बायकोचं नाव होतं म्हणून तर थुंकून टाकायचं होतंत. मी मेले आणि माझ्या नवऱ्यानं असला प्याला प्यायला तर मी उठून येईन, सांगून ठेवते. मग आता बसलात काय?"

"काय करू?"

"मला काय विचारता? तुम्ही इथे शब्द घेऊन बसलात आणि ती तिथे तुमचा शब्द पाळत बसली आहे. निदान तिच्या डोळ्यांपुढून उठा."

दारेजान कपाळाला हात लावून बसली होती. तिचं घड्याळ चालू होतं. तिनं मान वर केली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिनंच त्याला बघू नका म्हणून सांगितलं होतं आणि बघितलं तिनं. जुंबेर उभा राहिला. मागून कोणीतरी बसा म्हणालं. तो बसला नाही. मुलीकडे बघून, तुला हवं ते खेळ म्हणावं तशी, त्यानं एकदा मान हलवली, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडला आणि मधल्या वाटेनं चालत, पाठ फिरवून, दाराबाहेर गेला.

बाहेरच्या दालनात सिगारेटचा धूर होता आणि तिथेही एक पट लावलेला होता. आतून खेळी कळली की एक बाई त्यावरच्या सोंगट्या हलवत असे. पटाभोवती दहा-बारा जण वाद घालत होते. जुंबेर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि खिशात ते बूच होतं. लामारा गेल्यापासून तो ते बरोबर ठेवत असे. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काय, तिसऱ्यांदा शह ना?" कोणीतरी बाईला विचारलं.

"थांबा," बाई म्हणाली. चिठ्ठी तिनं पुन्हा वाचली. मग पांढरा राजा उचलून तिनं एक घर वर ठेवला.

"चुकलीस तू. असं कसं असेल?"

"असंच आहे."

"हात लागला असणार पोरीचा. सोंगटीला हात लागला की हलवावी लागते, नियम आहे."

"राजाला उघड्यावर कोण आणतं?"

जुंबेर भिंतीपासून सरकून पुढे आला. ही जागा त्याच्या ओळखीची होती. बुद्धिबळातली एकच जागा त्याच्या ओळखीची होती आणि ती ही. मासिकातला लेख आल्यावर लामारानं पट पुन्हा मांडला होता. मास्तरांनी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, शह देत राहून बरोबरी, याहून जास्त काही नाही. ती तीन संध्याकाळी त्याकडे बघत बसली आणि मग हसत सुटली. "जुंबेर, बघ ना. दुसरा हत्ती कोपऱ्यात बसून आहे आणि त्याच्या वाटेत उभा कोण? आपलाच राजा. घरधनीच दार अडवून उभा राहिला तर पोरं बाहेर पडणार कशी?" तिनं बुचाचा राजा एक घर वर सरकवला. ती खेळी तिनं कधीच कुठे खेळली नाही. खेळायला बोलावलंच नाही कोणी.

हॉलचं दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. तोंड लाल झालं होतं.

"काय केलं तुझ्या पोरीनं?"

"खेळतेय."

"तू शब्द दिला होतास."

"मी दिला होता. ती प्यायली नव्हती."

"आता हरेल. राजा उघड्यावर आणलाय. काळ्याचे शह सुरू होतील आणि हाल हाल होतील त्याचे. मी तपासलंय ते सगळं, छापलंय."

"छापलंत तुम्ही," जुंबेर म्हणाला. "तपासलं होतं तिनं."

पटाभोवतालचे लोक वळून बघू लागले. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दुःखात आहेस, म्हणून ऐकून घेतो. चषकाचं मात्र विसर."

"विसरलो."

बाईनं काळ्याचा शह लावला. पांढरा राजा एक घर डावीकडे गेला. पुन्हा शह, पुन्हा एक घर. तो प्याद्यासारखा पायी पायी पट ओलांडत होता. चौथ्या शहानंतर तो आपल्याच प्याद्यांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. इर्माचे शह संपले. कोपऱ्यातला हत्ती रिकाम्या रांगेतून सरळ धावत आला. पुढे बाईला काही हलवावं लागलं नाही, इर्मानं डाव सोडला होता. आतून टाळ्या ऐकू आल्या, आणि त्यातच त्सिसनाचा आवाज.

मास्तर आधीच आत गेले होते.

निरोपाचं जेवण संध्याकाळी होतं. दारेजान आली नाही. दुखवट्यात गाण्या-जेवणाला जायचं नसतं. सामान घेऊन ती स्टेशनावर गेली. जुंबेरलाही जायचं नव्हतं, पण पिक्रियाला मॉस्कोची जागा मिळाली होती आणि त्सिसनानं दंड धरून त्याला नेलं. "अर्धी कांडी तुमची राहिली आहे माझ्याकडे," ती म्हणाली. तेवढ्यावर त्यांची दिलजमाई झाली.

टेबलाच्या टोकाला मास्तरच होते. देशाच्या नावाचा प्याला झाला, विजेत्यांचा झाला, पाहुण्यांचा झाला. मास्तरांच्या चेहऱ्यावर दुपारचं काहीही उरलं नव्हतं. मग ते गंभीर झाले आणि उभे राहिले.

"आज माझ्या पद्धतीला नवा जन्म मिळाला," ते म्हणाले. "राजाची ती शांत चाल. फार वर्षांपूर्वी मी ती लामाराला दाखवली होती. म्हटलं होतं, छापायची नाही, जपून ठेव, तुझ्या मुलीला दे. आज ती चाल मुलीच्या हातून खेळली गेली. मित्रांनो, उठा. लामारासाठी."

खुर्च्या वाजल्या. सगळे उठले. जुंबेरही उठला. प्याला त्याच्या हातात होता, काठोकाठ. सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण हा प्याला आधी नवरा पितो.

सकाळपासून त्याला वाटत होतं की आपण चिडलेलो आहोत. आता त्याला कळलं की तो राग नव्हताच, ती नुसती सुरुवात होती. दुपारी ज्या चालीला हा माणूस चूक म्हणाला, दाराशी उभं राहून, दहा जणांसमोर, ती संध्याकाळी त्याचीच झाली होती. आणि ती त्यानं घातली होती पुन्हा त्याच जागी, गेलेल्या बाईच्या नावाच्या प्याल्यात, जिथून कोणाला बाहेर काढता येत नाही.

जुंबेरनं प्याला टेबलावर ठेवला. थेंबही सांडला नाही.

"जुंबेर," मास्तर म्हणाले, "तुझ्या बायकोच्या नावाचा आहे."

"तिच्या नावाचा असता तर प्यायलो असतो."

कोणाच्या तरी हातून काटा ताटलीवर पडला. "अरे, गेलेल्यांचा प्याला," एक म्हातारा कळवळून म्हणाला, "असं करू नये बाबा, पाप लागतं."

"लागू दे," जुंबेर म्हणाला. "काल एक प्यायलो, त्याचं लागलंच आहे. मास्तर, ते प्यादं तिनं माझ्या स्वयंपाकघरात पुढे केलं. काळ्याच्या बाजूला मी बसलो होतो. मला बुद्धिबळ येत नाही, पण समोर कोण बसलं होतं ते मला कळतं. तुम्ही नव्हता."

तो कोट उचलून निघाला. त्याच्यामागे एक प्याला खाली ठेवल्याचा आवाज आला. तो त्सिसनाचा होता. बाकीच्यांनी प्यायले असतील. बहुतेकांनी प्यायलेच. इर्मा मात्र प्याला हातात धरून त्यात बघत उभी होती, पीत नव्हती आणि ठेवतही नव्हती, एवढं त्यानं दारातून पाहिलं.

स्टेशनावर दारेजान बाकावर बसली होती, पायाशी पिशव्या. तिनं विचारलं, "आईचा प्याला झाला?"

"झाला."

"प्यायलात?"

"नाही."

तिनं पायाशी पडलेली पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत."

"नाही बोलावणार."

"बाबा, एक सांगू? आई असती तर मला म्हणाली असती, बरोबरी घे. ती चाल तिनंच मला शिकवली आणि तिनंच खेळू दिली नाही. दर वेळी म्हणायची, आता नको, वालेरियन मास्तर बघताहेत, आधी तुझं नाव यादीत येऊ दे."

"माहीत आहे," जुंबेर म्हणाला.

"मग तुम्ही तिच्या मनाविरुद्धच वागलात. मीही."

"हो."

गाडी फलाटाला लागली. दोघांनी पिशव्या उचलल्या. डब्यात खिडकीशी बसल्यावर जुंबेरनं खिशातून बूच काढलं आणि मधल्या छोट्या टेबलावर ठेवलं. गाडी हलली तसं ते आडवं झालं. दारेजाननं ते उभं केलं आणि बोटानं धरून ठेवलं.

"असल्या बाईला," जुंबेर म्हणाला, "जी कोणाच्या बापाला भीत नव्हती, तिला आपल्या पोरीला 'आता नको' म्हणायला लावलं यांनी. चोरलेलं प्यादं एक वेळ सोडून देईन मी, दारो. हे नाही सोडणार."